मोडतोडीची वही

मिग-२१च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर ७.१५ मीटर. माझ्या टेबलावर ते दहा सेंटिमीटरला जरासं कमी भरतं. एकास बहात्तर हे आमच्या छंदातलं जुनं माप, सहा फुटाला एक इंच. म्हणजे सहा फुटी वैमानिक इंचभर होतो, आणि माझ्या हातातला कटर मिलिमीटरभर घसरला की खऱ्या विमानाच्या पत्र्यावर सात सेंटिमीटरचा ओरखडा उठतो. हा हिशोब डोक्यात बसला की माणूस कटर हळू धरतो. माझ्या डोक्यात तो बसेपर्यंत बरीच विमानं खर्ची पडली.

बावीस वर्षं मी प्लास्टिकची किटं जोडतोय. प्रत्येक विमानाला वहीत समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर काय केलं, उजव्यावर काय मोडलं. उजवं पान नेहमी आधी भरतं. गेल्या वर्षीच्या मिगनं तर उजवं पान संपवून पुढची तीन खाल्ली. त्याला कारण मी आणि एक तारीख.

माझे मामा ओझरच्या एचएएलमध्ये पत्राकामात होते. १९६९ साली लागले तेव्हा तिथं मिग-२१ एफएल बनत होतं, हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. लहानपणी मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो की जेवताना डोक्यावरून विमान जायचं, ताटं थरथरायची, आणि मामा वर न बघता आमटी ओढत राहायचे. एफएल २०१३ सालीच निवृत्त झालं. गेल्या जुलैत मामांचा फोन आला. “अरे, सप्टेंबरात मिग-२१ सगळंच बंद होतंय म्हणे.” माझ्याकडे एफएलचं किट होतं, पाच वर्षं कपाटावर धूळ खात पडलेलं. मी बोलून गेलो, “मामा, २६ सप्टेंबरला ते करून घेऊन येतो तुमच्याकडे.”

आजवर कुठल्याही विमानाला मी तारीख दिली नव्हती. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं झालं. घाटातल्या पाट्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ लिहिलेलं असतं, ते कारवाल्यांसाठी आहे अशी माझी तोवर समजूत होती.

१. काही बिघडलं की आधी हात मांडीवर ठेवायचे.

पहिली चूक फार क्वचित विमान मारते. मारते ती पहिली निस्तरायच्या गडबडीत केलेली दुसरी.

विमानाचं धड दोन अर्ध्या भागांत येतं. ते जोडायला मी टॅमियाची हिरव्या झाकणाची पातळ सिमेंट वापरतो. हिला गोंद म्हणायचं केवळ सवयीनं. ती अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटचं द्रावण आहे. प्लास्टिकच्या दोन्ही कडा ती विरघळवते, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि मागे एकजीव सांधा राहतो. फटीच्या एका टोकाला ब्रश टेकवला की शाळेत शिकलेलं केशाकर्षण डोळ्यांसमोर घडतं, सिमेंट फटीतून सरसर धावत जाते. ती वाटेत कशालाही भेटली तरी धावत जाते. माझा अंगठा फटीवर होता. सिमेंट अंगठ्याखाली शिरली, मी अंगठा उचलला, आणि डाव्या कुशीवर माझा ठसा उमटला. आधार कार्डाच्या मशिनवर कधी आला नव्हता इतका स्वच्छ.

इथं हात मांडीवर ठेवले असते तर गोष्ट संपली होती. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक कडक झाल्यावर सहाशे, हजार, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवला असता तर दहा मिनिटांत ठसा गेला असता. मी काय केलं? फडकं घेऊन पुसलं. मऊ झालेलं प्लास्टिक लोण्यासारखं पसरलं आणि त्यात सुती फडक्याचे धागे रुतून बसले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. घासून ते सपाट करताना आजूबाजूच्या पत्र्यांच्या जोडरेषाही गेल्या, त्या नव्यानं कोराव्या लागल्या, आणि त्या कोरण्यातून पुढचं प्रकरण उभं राहिलं.

वहीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: ‘ओल्याला हात लावू नये.’ खाली बायकोच्या अक्षरात: ‘हे मी लादी पुसताना रोज सांगते.’

२. खड्डा बुजवायचा कशानं हे तो कुठं आहे त्यावर ठरवावं.

पुसलेल्या जोडरेषा पुन्हा कोरायला मी जाड डायमो टेपची कड पट्टीसारखी चिकटवतो आणि सुईसारख्या हत्यारानं हलक्या हातानं पाच-सहा वेळा ओढतो. पहिल्या दोन ओढींत जोर लावायचा नसतो, रेष आपली वाट शोधते आणि मग हत्यार तिच्यातून जातं. मी पहिल्याच ओढीला जोर लावला. हत्यार टेपवर चढलं आणि थेट पोटापर्यंत एक चर पाडून थांबलं.

चर बुजवायला तीन गोष्टी आहेत. ट्यूबमधली पुट्टी, फेव्हिक्विक, आणि किटाच्याच फ्रेमचे तुकडे सिमेंटच्या बाटलीत विरघळवून केलेली लापशी. पुट्टी लावायला सोपी, पण तिच्यातलं द्रावण उडून गेलं की ती खाली बसते. आज सपाट दिसणारा खड्डा पंधरा दिवसांनी रंगाखालून पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून ती दोन-तीन पातळ थरांत भरायची. लापशी म्हणजे प्लास्टिकमध्ये प्लास्टिकच, तिच्यावर रेष कोरली तर ती कडेनं तुटत नाही, फक्त वाळायला दोन-तीन दिवस घेते. फेव्हिक्विक क्षणात बसतं, पण ते नुसतं वापरलं आणि उद्या घासायचं ठेवलं तर उद्या ते शेजारच्या प्लास्टिकपेक्षा कडक झालेलं असतं. मग पेपर फिरवला की प्लास्टिक झिजतं आणि फेव्हिक्विकचा उंचवटा तसाच राहतो. त्याला उपाय घरातच आहे. बेबी पावडर मिसळून पेस्ट करायची आणि तासाभरात घासून मोकळं व्हायचं. खाण्याचा सोडा मिसळणारेही आहेत. सोड्यानं ते दगड होतं, त्यामुळे जिथं ताकद हवी आणि घासायचं नाही तिथंच, म्हणजे आतल्या बाजूला.

पोटावरचा चर मात्र मी यातल्या कशानंच पूर्ण बुजवला नाही. एफएलला मुळात विमानाच्या आत तोफच नव्हती, फक्त क्षेपणास्त्रं आणि रॉकेटं. जवळच्या झटापटीत ते अडचणीचं ठरलं, म्हणून पोटाखाली जीपी-९ नावाची पेटी टांगायला लागले, तिच्यात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ. खऱ्या विमानाचंच एक उणं असं बाहेरून भागवलेलं होतं. माझ्या किटात ती पेटी होती, ती न लावायचं मी ठरवलं होतं, आणि चर नेमका तिच्या जागेवर होता. मी पेटी लावून टाकली. मामांना फोनवर सांगितलं तर हसले. “असू दे की. पोटाखाली तोफ होतीच.”

३. हरवलेला तुकडा बसून सापडत नाही, त्यासाठी आडवं व्हावं लागतं.

चिमट्यातून सुटलेला तुकडा कुठं जातो हे जगभरच्या मॉडेलवाल्यांना न सुटलेलं कोडं आहे. आमच्या डोंबिवलीच्या घरात जुनी मोझॅक फरशी आहे. काळे, पांढरे, करडे ठिपके. करडा प्लास्टिकचा तुकडा तिच्यावर पडला की तो फरशीत विलीन होतो. यावर एकच इलाज मला लागू पडलाय. दिवे बंद करायचे, बॅटरी फरशीला टेकवून आडवा झोत मारायचा, आणि गाल फरशीवर टेकवून बघायचं. दोन मिलिमीटरच्या तुकड्याची बोटभर सावली पडते. हा इलाज सकाळी लादी पुसायच्या आत करायचा असतो, नंतर नाही.

४. काचेचा तडा सांधायच्या आधी थांबवायचा.

किटातला सगळ्यात भित्रा भाग म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, कॅनॉपी. पारदर्शक प्लास्टिक करड्यापेक्षा कडक आणि ठिसूळ असतं. एरवीचे भाग आपण कटरनं फ्रेममधून चटकन तोडतो. कटर तोडताना दोन्ही बाजूंनी दाबतो, करडं प्लास्टिक तो दाब सोसतं, पारदर्शक फुटतं. म्हणून कॅनॉपी बारीक करवतीच्या पात्यानं, भागापासून लांबून कापायची आणि उरलेलं कानसेनं झिजवत यायचं. हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे. त्या रात्री पावणेबारा वाजले होते, सकाळी ७.१२ची लोकल होती, आणि करवत खालच्या खणात होती. कटर समोर होता.

‘टिक्’ असा आवाज येतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

कडेपासून चार मिलिमीटरचा तडा आत गेला होता. बघितलं तर केसासारखा, अंगठ्यानं किंचित दाबलं तर पाचवा मिलिमीटर गेला. यावेळी मी हात मांडीवर ठेवले. मग त्या वेळेला करू नये ते केलं, मामांना फोन लावला. म्हाताऱ्या माणसाला झोप कमी असते या भरवशावर.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “टोकाला भोक मार.”

विमानाच्या पत्र्याला तडा गेला की कारखान्यात पहिलं काम तेच. तड्याचं टोक सुईच्या अग्रासारखं असतं, सगळा ताण तिथं एकवटतो, आणि म्हणून तो पुढे पुढे पळतो. टोकाला बारीक गोल भोक पाडलं की ताण त्या गोलाईवर वाटला जातो, पळायला अग्रच उरत नाही. याला ते स्टॉप ड्रिल म्हणतात. ठिगळ, रिव्हेट वगैरे सगळं त्यानंतर. आणि ठिगळाचे कोपरेही गोल ठेवायचे, कारण चौकोनी कोपरा म्हणजे नव्या तड्याला आमंत्रण. “पण टोक नीट शोध,” मामा म्हणाले, “तडा दिसतो तिथं संपत नाही. दिसतो त्याच्या जरा पुढे असतो.” हे वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलंय.

माझ्याकडे हातानं फिरवायचं पेनाएवढं ड्रिल आहे आणि ०.३ मिलिमीटरचं बिट. भिंगाखाली तडा दिव्याकडे तिरका धरला, उजेडाची रेघ जिथं विझली त्याच्या किंचित पुढे सुईनं ठिपका केला, आणि दोन बोटांत ड्रिल फिरवत राहिलो. जोर शून्य, ड्रिलच्या वजनानंच ते आत जायला हवं. अर्ध्या मिनिटाला एकदा उचलून भुसा फुंकायचा, नाहीतर घर्षणानं प्लास्टिक वितळून बिट धरून ठेवतं. सात-आठ मिनिटं लागली. भोक पडलं. तडा तिथंच थांबला, आजही तिथंच आहे.

मग तो दिसेनासा करायचं काम. लादीला लावायचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पॉलिश बारीक ब्रशनं तड्याच्या तोंडाशी टेकवलं. पुन्हा तेच केशाकर्षण, फक्त यावेळी माझ्या बाजूनं. पॉलिश तड्यात शिरलं, आतली हवा गेली, चमकणारी रेघ विझली. नखानं तपासलं तर लागते, डोळ्यांना फारशी नाही. घासताना पडलेले ओरखडे पंधराशे, दोन हजारचा पेपर आणि शेवटी साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं काढले. जेल नको, पांढरीच. आणि संपूर्ण काच त्याच पॉलिशमध्ये बुडवून, टिश्यूच्या कडेवर निथळत, डबा पालथा घालून रात्रभर झाकली.

काच विमानावर बसवायला फेव्हिक्विक कधीही नको. त्याची वाफ आतून काचेवर पांढरा धूर बसवते आणि मग वैमानिक जन्मभर धुक्यात बसतो. फेव्हिकॉल लावा. पांढरा, शाळेतला. पाण्यानं पुसता येतो आणि वाळला की दिसत नाही.

५. जुलैत डोंबिवलीत लॅकर मारू नये.

हे इतकंच. पण मारलाच, तर पुढचं वाचा.

सुरुवातीची एफएल पत्र्याच्या चंदेरी रंगातच उडायची. १९७१च्या युद्धाच्या सुमाराला त्यांच्यावर कॅमोफ्लाज चढलं. माझ्या विमानाची एव्हाना झालेली दशा बघता कॅमोफ्लाज हाच शहाणपणा होता. दोन रंगांच्या नागमोडी पट्ट्यांत कितीही पापं लपतात. चंदेरी रंग उलट चहाडखोर असतो, खालच्या प्रत्येक ओरखड्याची तक्रार उजेडाकडे करतो. पण मामांच्या आठवणीतलं विमान चंदेरी होतं. त्यामुळे आधी चकचकीत काळा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही लॅकर.

बाहेर धो धो पाऊस, गॅलरीत कंप्रेसर, हवेत पाण्याशिवाय काही नाही. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली वाफ त्या गार थरावर बसते, थंड पाण्याच्या तांब्यावर बसते तशी. काळा रंग माझ्या डोळ्यांदेखत दुधाळ झाला. ताकात घातलेल्या हिंगासारखा एक करडा पडदा. त्यावर लगेच दुसरा हात मारायचा मोह होतो. मारला तर ओल आत कोंडते. थांबायचं, विमान तांदळाच्या डब्यात नव्हे (तेही करून झालंय, दाणे चिकटतात), तर झाकणाच्या खोक्यात साठ वॉटच्या जुन्या बल्बपासून हातभर लांब ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी पातळ फवारा द्यायचा. वरचा थर पुन्हा सैल होतो, कोंडलेली वाफ निघून जाते, आणि काळा परत काळा होतो. माझा झाला. शेपटीचा उजवा भाग सोडून. तो घासून नव्यानं रंगवला. सहा दिवस गेले.

६. डाग रंगवू नये, अख्खा पत्रा रंगवावा.

चंदेरी रंग वाळल्यावर नाकाचा शंकू हिरवा रंगवण्यासाठी मास्किंग टेप लावली होती. काढताना टेपेबरोबर नखाएवढा चंदेरी पापुद्रा निघून आला. चूक टेपेची नाही. प्लास्टिकवर बोटांचं तेल राहिलं होतं आणि टेप लावण्याआधी तिचा चिकटपणा तळहातावर दोन वेळा चिकटवून कमी करायचा असतो, तो मी केला नव्हता.

तेवढ्या डागावर ब्रशनं चंदेरी रंग टेकवला तर कपाळावरच्या टिकलीसारखा तो जन्मभर दिसत राहतो. पापुद्र्याची कड दोन हजारच्या ओल्या पेपरनं उतरती करायची, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मग आजूबाजूच्या जोडरेषांपर्यंत टेप लावून तो संपूर्ण पत्रा, फक्त तो पत्रा, नव्यानं फवारायचा. छटा हुबेहूब जुळत नाही. जुळवूही नये. खऱ्या चंदेरी विमानाचे पत्रे एका छटेचे कधीच नसतात. कुठं धातू वेगळा, कुठं उष्णतेनं काळवंडलेला, आणि बदललेला पत्रा तर वर्षभर शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसतो. मामा सांगतात, रांगेत उभ्या विमानांत कुठलं नुकतं दुरुस्तीहून आलं ते गेटवरून ओळखू यायचं.

त्यानंतर मी दोन धडधाकट पत्रेही मुद्दाम वेगळ्या छटेचे केले. पापुद्रा निघालेला एकटा पडू नये म्हणून.

७. विमान बघून ज्याला ते उडवावंसं वाटत नाही तो मुलगाच नव्हे.

२७ ऑगस्टला गणपती आले. दुसऱ्या दिवशी घरात बावीस माणसं. मिग चाकांवर उभं राहिलं होतं, फक्त खुणा आणि वरचं वार्निश बाकी. मी ते कपाटावर ठेवलं होतं, पण कपाटाशेजारी खुर्ची होती. चुलत भावाच्या पाच वर्षांच्या चिरंजिवांनी आरतीत ‘घालीन लोटांगण’ चालू असताना उड्डाण केलं. लोटांगण विमानानं घातलं.

डावा चाकाचा पाय मधून मोडला, डावी शेपटी मुळातून निघाली, नाकावरची लांब पिटो नळी तीन तुकड्यांत. वहिनी रडवेली झाली. मुलगा म्हणाला, “काका, लँडिंग बरोबर होतं.” खरं सांगायचं तर नव्हतं. मी सगळे तुकडे प्रसादाच्या वाटीत गोळा केले आणि मोदक खायला बसलो. पहिल्या नियमाची माझ्याकडून झालेली ही सगळ्यात चोख अंमलबजावणी.

तुटलेली कड घासून गुळगुळीत करू नये, ही त्या रात्रीची पहिली नोंद. मोडीचे दात एकमेकांत बसतात, कुलपात किल्ली बसावी तसे. घासले की जागा गेली आणि लांबीही गेली. शेपटी मुळातून निघाली होती, तिला दात नव्हते, नुसता सपाट सांधा. असा सांधा पुन्हा तसाच चिकटवला तर पुढच्या धक्क्याला पुन्हा निघणार. आत तार हवी. शेपटीच्या मुळाच्या मध्यावर ०.५ मिलिमीटरचं भोक, त्यात पितळेची तार, बाहेर दोन मिलिमीटर ठेवून. आता धडावर समोरचं भोक नेमकं कुठं? मोजून कधीच जमत नाही. तारेच्या टोकाला लाल रंगाचा थेंब लावायचा, शेपटी जागेवर हलकेच टेकवायची, लाल ठिपका पडेल तिथं भोक पाडायचं. हळदीकुंकवाच्या बोटासारखा बारीक ठिपका, आणि दर वेळी बरोबर.

चाकाच्या पायालाही तेच, फक्त ०.४ची तार. पाय जेमतेम एक मिलिमीटर जाड, त्यात मधोमध भोक म्हणजे श्वास रोखून करायचं काम. सुईनं आधी खळगा केला, तरी पहिलं भोक कडेनं बाहेर आलं. ते भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं. विमानाचा भार घेणारा सांधा निव्वळ गोंदावर सोडायचा नाही, याला माझ्याकडे अपवाद नाही.

पिटो नळी मी सांधलीच नाही. एफएलची पिटो नाकाच्या वर, बरोबर मध्यावर असते, नंतरच्या प्रकारांत ती उजवीकडे सरकली. इतकी बारीक आणि लांब गोष्ट प्लास्टिकची मुळात नसावीच. मेडिकलवाल्याकडे गेलो आणि इंजेक्शनची २२ गेजची सुई मागितली. बाहेरून ०.७ मिलिमीटर, आत ०.४ची पोकळी. ३० गेजची बाहेरून ०.३ असते, ती हिच्यात अलगद सरकते, आणि जाडीकडून बारकीकडे जाणारी पिटो तयार. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. “कुणासाठी?” “विमानासाठी,” म्हणालो. त्यानं दोन्ही दिल्या, पण सुट्टे पैसे देताना माझे डोळे नीट न्याहाळले.

सुई कटरनं तोडू नका, टोक चपटं होऊन भोक बुजतं. पट्टीवर ठेवून बारीक कानसेच्या कडेनं गोल फिरवत खाच पाडायची आणि वाकवून मोडायची, तेही पिशवीत हात घालून, कारण तुकडा डोळ्याच्या दिशेनं उडतो. सुई अर्थात नवी कोरी, वापरलेली नाही. आणि बसवायची सगळ्यात शेवटी, प्रवासाच्याही नंतर. पिटोचं टोक रोखून कितीतरी मॉडेलवाल्यांनी स्वतःचेच तळहात टोचून घेतलेत, मी त्यातलाच.

८. काही नोंदींपुढे ‘राहू दे’ असं लिहावं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी चाकाच्या खोबणीत बॅटरी मारली तेव्हा आत, अगदी आत, अंगठ्याच्या ठशाचा एक तुकडा दिसला. पहिल्या दिवसाचा. बाहेरचा घासताना आतला राहिला होता. तो काढायचा तर नुकताच तार घालून बसवलेला पाय उपटावा लागला असता. मी त्यापुढे ‘राहू दे’ लिहिलं आणि वार्निश मारलं. वहीत त्या विमानाच्या उजव्या पानांवर एकूण एकोणीस नोंदी आहेत, त्यातल्या चारांपुढे ‘राहू दे’. त्या चारही जागा मला दिसतात. बाकीच्या पंधरा मलाही शोधाव्या लागतात.

२६ला शुक्रवार होता. रजा टाकली, सकाळी कल्याणहून गाडी पकडली. विमान मिठाईच्या खोक्यात, चारी बाजूंनी स्पंज, पिटो आगपेटीत वेगळी. कसारा घाटात गाडी हलायला लागली तसं खोकं मांडीवर घेतलं. शेजारच्या आजींनी विचारलं, “पेढे का?” नाही म्हटलं तर त्यांनी इगतपुरीपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.

नाशिकला मामींचा घट बसलेला, नवरात्राचा पाचवा दिवस. टीव्हीवर चंदीगडचा मिग-२१चा निरोप समारंभ चालू होता. शेवटची उडणारी होती बायसन, एफएलच्या कितीतरी नंतरची. “ही पण आपल्याकडूनच गेलेली,” मामा टीव्हीकडे बोट करून म्हणाले. मिग-२१ बिस हा प्रकारही ओझरलाच बनला आणि तो सुधारून त्याचं बायसनही तिथंच झालं, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. मग विमानं उतरली, पाण्याच्या फवाऱ्याखालून गेली, आणि मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मी आगपेटी उघडून पिटो बसवली. मामांनी भिंग मागितलं. चाकं नाही, पंख नाही, पहिल्यांदा त्यांनी काच बघितली, उजेडाकडे तिरकी धरून. “हे बघ स्टॉप होल,” ते मामींना म्हणाले. मामींनी चष्मा नसताना मान डोलावली. वेगळ्या छटेच्या पत्र्यावर त्यांचं बोट एकदा थांबलं आणि पुढे गेलं.

मग ते उठून देवघरात गेले आणि लाल नाडाछडीचा वीतभर तुकडा घेऊन आले. मामी ओरडल्या, “अहो, घटाची आहे ती!” त्यांनी ऐकलं नाही. धाग्याची एक लड सोडवून, थरथरत्या बोटांनी पिटोच्या टोकाभोवती दोन वेढे घातले आणि बोटभर शेपूट खाली लोंबतं ठेवलं. जमिनीवर उभ्या विमानाच्या पिटोला लाल कव्हर असतं, उडायच्या आधी ते काढायचं असतं.

नाडाछडीच्या वजनानं सुई जरा खाली झुकली. मी हात पुढे केला. मामा म्हणाले, “असू दे, मी बघतो,” आणि विमान उचलून टीव्हीशेजारी ठेवून आले.